‘सेवा आहे’ एवढ्यावर भागत नाही : मंडळीतल्या कर्मचाऱ्यांना पाळकाने कसं सांभाळावं

मी एका मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक (पास्टर). आमच्या मंडळीत साउंड सांभाळणारा एक तरुण होता. रविवारी सगळ्यांच्या आधी यायचा, केबल जोडायचा, माइक तपासायचा आणि सगळे गेल्यावर आवराआवर करून निघायचा. एका रविवारी प्रभुभोजनाचं (येशूच्या आठवणीसाठी वाटल्या जाणाऱ्या भाकरीचं) ताट परत टेबलावर ठेवताना माझी नजर मागे गेली आणि लक्षात आलं, त्याच्यापर्यंत ताट पोचलंच नव्हतं. उपासना संपल्यावर मी माफी मागायला गेलो. तो केबल गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, “पास्टर, ताट मागे कधीच येत नाही. सवय झालीय.”

चार वर्षं. दर महिन्याला एकदा म्हटलं तरी अठ्ठेचाळीस वेळा मी त्याच्या डोळ्यांदेखत सगळ्या मंडळीला प्रभुभोजन दिलं आणि त्याला वगळलं. त्याने कधी तक्रार केली नाही, कारण माझ्या लेखी तो ‘सेवा’ करत होता आणि सेवा करणाऱ्याने तक्रार करायची नसते, हे आम्हीच त्याला शिकवलं होतं.

मंडळीत पगारावर किंवा मानधनावर काम करणाऱ्या माणसाची पाळकाशी एकाच वेळी तीन नाती असतात. तो कर्मचारी असतो, कळपातलं मेंढरू असतो आणि सेवेतला सोबतीही असतो. तिन्ही नाती खरी आहेत. घोळ होतो तो आपण सोयीनुसार नातं बदलतो म्हणून. जास्तीचं काम हवं असलं की “ही नोकरी नाही, सेवा आहे”. त्याने रजा मागितली की “ऑफिसचे नियम बघावे लागतील”. तो चिडला की “चला, प्रार्थना करू”. मंडळीच्या नोकरीतून कडवट होऊन बाहेर पडलेल्या बऱ्याच जणांशी माझं बोलणं झालंय, आणि बहुतेकांच्या बोलण्यात हेच दुखणं निघालं. म्हणून खाली ज्या पायऱ्या सांगतोय, त्या सगळ्या ही नाती वेगवेगळी ओळखून निभावण्याच्या आहेत. मंडळीत दोन माणसं कामाला असोत की वीस, फरक पडत नाही. दोन असतील तर उलट जास्त जपावं लागतं.

१. आधी त्यांच्या जागी जाऊन बसा

नव्याने रुजू झाला असाल किंवा दहा वर्षं तिथेच असाल, सुरुवात सारखीच. पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका. प्रत्येकाला तासभर द्या, आणि तो तास त्यांच्या जागी द्या. सचिवांच्या टेबलाशी, राखणदाराच्या खोलीत, सराव संपल्यावर ऑर्गनपाशी. तुमच्या खोलीत बोलावलंत की माणूस हजेरी द्यायला आल्यासारखा बोलतो.

“काम कसं चाललंय?” हा प्रश्न विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. “गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी आल्यापासून काय काय केलंत, ते सांगा” असं म्हणा आणि लिहून घ्या. तीन गोष्टी हमखास बाहेर येतात : कुणालाच माहीत नसलेलं काम, दोघं करत असलेलं एकच काम, आणि दुसरा करतोय असं समजून कुणीच न करणारं काम.

आमच्या ऑफिसातल्या ताईंना मी टंकलेखन आणि नोंदवह्या सांभाळणाऱ्या समजत होतो. त्यांच्या आठवड्याची यादी केली तर जवळजवळ निम्मा वेळ फोनवर जात होता. कुणाचा नवरा गेलाय, कुणाच्या मुलाला व्यसन लागलंय, आणि पास्टर बाहेर असतात म्हणून माणसं ताईंशीच बोलतात. म्हणजे मंडळीतलं अर्धं सांत्वन त्या करत होत्या, आणि मी मात्र वार्तापत्र उशिरा निघालं म्हणून त्यांना बोलत होतो.

२. कामाचा कागद, आणि साहेब एकच

मंडळीत लेखी करार म्हटलं की लोकांना अविश्वासाचा वास येतो. “आपण विश्वासाने चालणारी माणसं, कागद कशाला?” माझा अनुभव उलटा आहे. कागद नसतो तिथे ज्याचा स्वभाव मऊ, त्याच्यावर काम वाढत जातं.

एक पान पुरे. त्यात कामाचं नाव, मुख्य पाच-सहा जबाबदाऱ्या, कामाचे दिवस आणि तास, पगार आणि तो मिळण्याची तारीख, रजा, आणि काम कोण सांगणार हे असावं. रविवारचा आणि सरावांचा वेळ तासांत धरा, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं. काय त्यांचं काम नाही तेही दोन ओळींत लिहा. ‘लग्नसमारंभाच्या सजावटीची जबाबदारी राखणदाराची नाही’ एवढ्या एका ओळीने किती भांडणं टळतात! जिथे मंडळी आहे तिथला कामगार कायदा काय सांगतो ते जाणकाराकडून तपासून घ्या. मंडळी आहे म्हणून आपल्याला तो लागू नाही, असं परस्पर गृहीत धरू नका.

एखादी व्यक्ती पगाराच्या कामाव्यतिरिक्त मंडळीची सभासद म्हणूनही काही करत असेल, तर तेही कागदावर वेगळं दाखवा. गायनप्रमुख संडे स्कूलचा वर्गही घेत असेल, तर तो वर्ग ती आपखुशीने घेते आणि केव्हाही सोडू शकते. तिथे तिला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि त्याचा पगाराच्या कामाशी संबंध लावता कामा नये.

आता सगळ्यात अवघड भाग. मंडळीत प्रत्येक वडील (म्हणजे मंडळीचा पुढारी), प्रत्येक कमिटी सदस्य, कित्येकदा प्रत्येक जुनं कुटुंब स्वतःला कर्मचाऱ्याचा साहेब समजतं. आमच्या राखणदार काकांना एका शनिवारी पाच जणांनी पाच कामं सांगितली होती, त्यातली दोन एकमेकांच्या विरुद्ध : एकाने खुर्च्या हॉलमध्ये नेऊन ठेवायला सांगितलं, दुसऱ्याने हॉलमधून बाहेर आणून लावायला. काकांनी खुर्च्या दारातच ठेवल्या आणि घरी गेले. मला राग आला होता; नंतर वाटलं, याहून शहाणपणाचं काय करणार होते ते?

म्हणून नियम करा : प्रत्येक कर्मचाऱ्याला काम सांगणारा माणूस एक. बाकीच्यांनी त्याच्यामार्फत सांगायचं. हा नियम कमिटीत मांडून ठरावाच्या वहीत लिहून घ्या, आणि मंडळीसमोरही एकदा सांगा. बायबलमधल्या निर्गमाच्या १८व्या अध्यायात सासरा इथ्रो मोशेला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमायला सांगतो, ते आपण नेतृत्वाचा धडा म्हणून नेहमी वाचतो. पण १८व्या वचनात तो म्हणतो की तूही थकशील आणि हे लोकही थकतील. सगळं स्वतःच्या हातात ठेवणारा पाळक स्वतः झिजतो ते त्याला कळतं. त्याच्या दाराशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत परवानगीसाठी उभी असलेली माणसंही झिजतात, हे त्याला दिसत नाही.

काम सोपवलंत तर अधिकारही सोपवा, आणि चारचौघांत सोपवा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ बघा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होतंय, अशी कुरकुर झाली. सात जण निवडले गेले. स्तेफनापासून नीकलावपर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. आणि प्रेषितांनी सगळ्यांसमोर त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली, त्यामुळे त्यांना नेमलं कुणी, असा प्रश्न कुणाला पडायचं कारण उरलं नाही. सहायक पाळकाला युवकांचं काम दिलंय असं तुम्ही फक्त त्याच्या कानात सांगितलं असेल, तर पहिल्याच वादात लोक त्याला वळसा घालून तुमच्याकडे येतील. आलेल्या माणसाला तुम्ही उत्तर दिलंत की सहायकाचा अधिकार तिथेच संपला.

३. आठवड्याची चाळीस मिनिटं

या सगळ्यातलं एकच काही करणार असाल, तर हे करा. तुमच्या हाताखाली थेट काम करणाऱ्या प्रत्येकाला दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी चाळीस मिनिटं द्या. अशी माणसं सहा-सातांहून जास्त असतील, तर त्यांतल्या काहींची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे द्यायची वेळ आली आहे.

फोन बंद करून बाजूला ठेवा. उलटा ठेवलेला फोनही टेबलावर नको. पहिली पंधरा-वीस मिनिटं त्यांची. त्यांना जे बोलायचं ते. मग तुमचे मुद्दे. शेवटची पाच मिनिटं पुढच्या आठवड्यात कोण काय करणार, ते लिहून काढायला. मी एक साधी दोनशे पानी वही ठेवतो, प्रत्येकासाठी वेगळी, आणि ती वही त्यांनाही उघडून बघता येते.

सुरुवातीचे काही आठवडे “सगळं ठीक आहे, पास्टर” एवढंच ऐकायला मिळेल. घाबरू नका, आणि शांतता भरून काढायला स्वतः बोलत सुटू नका. आपल्याला उपदेशाची सवय, समोरचा गप्प बसला की आपण तिसऱ्या मुद्द्यावर पोचतो. मला उपयोगी पडलेले काही प्रश्न असे : या आठवड्यात कशात सगळ्यात जास्त वेळ गेला? माझ्यामुळे काय अडलंय? मी करायला हवं होतं आणि तुम्हाला करावं लागलं, असं काही आहे का? कुणाच्या फोनला तुम्ही टाळताय?

“माझ्यामुळे काय अडलंय?” हा प्रश्न मी ताईंना सलग पाच आठवडे विचारला. सहाव्या आठवड्यात त्या म्हणाल्या, “तुम्ही प्रवचनाचा विषय शनिवारी रात्री सांगता. मग गीतं निवडायला उशीर, पत्रक छापायला उशीर, आणि रविवारी सकाळी चुका सापडल्या की तुम्ही माझ्याकडे बघता.” मला वाटत होतं मी पवित्र आत्म्याची वाट बघतोय. प्रत्यक्षात तिघांच्या शनिवारच्या झोपेचं खोबरं करत होतो. तेव्हापासून बुधवारी दुपारी विषय आणि वाचनं ऑफिसात जातात. प्रवचनं काही बिघडली नाहीत.

ही भेट रद्द करायची वेळ आली तर स्वतः फोन करून सांगा आणि त्याच वाक्यात दुसरी वेळ द्या. सलग दोनदा रद्द झाली की माणूस समजून जातो.

सगळ्यांची मिळून बैठक वेगळी, आणि ती छोटी असावी. त्यात प्रार्थना जरूर करा, पण सूचना प्रार्थनेत घालू नका. “प्रभू, आमच्यातल्या काहींना वेळेचं महत्त्व कळू दे” ही प्रार्थना कुणासाठी आहे, ते सगळ्यांना कळतं.

४. साहेब कोण आणि पाळक कोण

हा प्रश्न बऱ्याच पाळकांना पडतच नाही, कारण आपल्याला वाटतं आपण दोन्ही आहोत. पण कर्मचाऱ्याच्या बाजूने बघा. त्याचं घरी बायकोशी पटत नाहीये. विश्वास डळमळलाय. दारू सुटत नाहीये. ज्याच्याशी बोलावं असं मंडळीत प्रत्येकाला वाटतं, तोच त्याचा पगार ठरवणाऱ्या बैठकीत बसतो. मग तो कुणाशी बोलणार?

यावर मला तीन गोष्टी कामी आल्या. एक, शेजारच्या एखाद्या मंडळीच्या पाळकाशी बोलून ठेवा : तुमच्या माणसांसाठी ते, त्यांच्या माणसांसाठी तुम्ही. कर्मचाऱ्याला सांगा की त्यांच्याकडे जायला माझी परवानगी लागत नाही, आणि तिथे काय बोलणं झालं ते मी विचारणार नाही. दोन, बोलणं सुरू होण्याआधी स्पष्ट करा : “हे तुम्ही मला पाळक म्हणून सांगताय ना? मग ते कामाच्या वहीत जाणार नाही.” तीन, हा शब्द पाळा. वर्षअखेरीच्या आढाव्यात कुणी “तो सध्या तणावाखाली आहे म्हणे” असं काढलं, आणि ते तुमच्याकडूनच गेलं असेल, तर तुमच्याकडे पुन्हा कुणी मन मोकळं करणार नाही.

याला अपवाद आहे, आणि तोही आधीच सांगून ठेवायचा : कुणाच्या जिवाला, लहान मुलांना किंवा कुणाच्या सुरक्षिततेला धोका असेल, तर मी गप्प राहणार नाही.

त्यांची उपासना हा याच मुद्द्याचा भाग आहे. जो दर रविवारी ड्युटीवर असतो, तो उपासनेला येत नाही, कामाला येतो. महिन्यातून निदान एक रविवार प्रत्येकाला मोकळा द्या. त्या दिवशी त्याने कुटुंबासोबत बाकावर बसावं, हवं तर दुसऱ्या मंडळीत जावं, आणि कुणीही “जरा हे बघून द्याल का?” म्हणत त्याच्या खांद्याला हात लावू नये. साउंडवर बसायला आम्ही दोघांना तयार केलं. पहिले दोन महिने माइक शिट्ट्या मारत होता. मारू दे म्हटलं.

५. सुट्टी

आपण चौथ्या आज्ञेवर (विश्रांतीचा दिवस पाळा) प्रवचन देतो आणि सहायकाला सोमवारी सकाळी नऊला बैठकीला बोलावतो. रविवार हा मंडळीच्या कर्मचाऱ्याचा सगळ्यात दमवणारा दिवस आहे. म्हणून आठवड्यातला एक पूर्ण दिवस सुट्टीचा ठरवा, दारावर लावा, आणि त्या दिवशी त्यांना फोन करू नका. मंडळीतलं कुणी वारलं, तरच अपवाद. रात्री सुचलेली गोष्ट रात्रीच व्हॉट्सॲपवर टाकायचा मोह आवरा. “सकाळी बघा” असं खाली लिहिलंत तरी वाचणाऱ्याची झोप गेलेली असते.

नाताळ आणि दुःखसहनाचा (ईस्टरच्या आधीचा) आठवडा हे कळीचे काळ. त्यांच्या आधी सहा आठवडे बसून कामं वाटून घ्या आणि त्याच बैठकीत नंतरच्या रजाही लिहून टाका. ‘सगळं आटोपलं की बघू’ म्हटलं की ती रजा कधीच मिळत नाही.

१ राजे १९मधला एलीया संदेष्टा मला या संदर्भात फार आवडतो. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर राणी ईजबेलच्या धमकीने तो रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला ना बोल लावतो ना बोध करतो. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. प्रश्न विचारणं नंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. आणि तिथून परत पाठवताना मदतीला अलीशा. खाणं, झोप, बोलणं, मदतनीस, हा क्रम लक्षात ठेवा. थकलेल्या माणसाला आपण आधी बोध करायला जातो.

६. पगार

लेवीय १९:१३ सांगतं, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. याकोबाच्या पत्रात (५:४) अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश देवाच्या कानी जातो. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना ‘या महिन्यात अर्पण कमी आलं’ म्हणून पगार सगळ्यात शेवटी देणाऱ्या मंडळ्या कमी नाहीत. पगार ठरलेल्या तारखेला झाला पाहिजे. दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम बाजूला ठेवायचं ध्येय खजिनदारासमोर ठेवा, आणि ती जमेपर्यंत नवा माइक, नवा पडदा, नवी कमान थांबवा.

कर्मचाऱ्याला स्वतःसाठी तोंड उघडणं फार जड जातं. “पैशासाठी सेवा करतो” असं कुणी म्हणेल ही भीती असते. म्हणून वर्षातून एकदा त्यांच्या पगाराचा विषय कमिटीत तुम्ही काढायचा, त्यांनी मागायच्या आधी. महागाई, कामाचा वाढलेला पसारा, बाहेर तशाच कामाला काय मिळतं, हे कागदावर घेऊन जा. वाढ देणं खरोखर शक्य नसेल, तर तास कमी करा. पगार तोच आणि काम वाढलेलं, हा पर्याय टेबलावर ठेवूच नका.

एक सल्ला थोडा कठोर वाटेल : कर्मचाऱ्याला स्वतःच्या खिशातून उसने पैसे देऊ नका. मी दिले आहेत, चांगल्या मनाने दिले आहेत. पण ज्याच्याकडे आपले पैसे अडकलेत तो माणूस आपल्याला ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि मला ‘नाही’ म्हणणारी माणसं हवी होती. अडीअडचणीसाठी मंडळीचा निधी असावा, त्याचे नियम लिहिलेले असावेत आणि सही निदान दोघांची असावी. देणगी गोळा करून पोचवताना प्रेषित पौलानेही सोबत इतर माणसं घेतली आणि प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख दिसावा, असं लिहिलं (२ करिंथ ८:२०-२१).

७. शाबासकी, कानउघाडणी आणि तक्रारी

रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय आपण नावांची यादी म्हणून ओलांडून जातो. सावकाश वाचा. फिबी अनेकांना साहाय्य करणारी. प्रिस्का आणि अक्विला यांनी पौलाच्या जिवासाठी स्वतःची मान धोक्यात घातली. मरियेने पुष्कळ श्रम केले. पौल कुणालाही नुसतं ‘छान काम’ म्हणत नाही, काय केलं ते सांगतो. आणि २२व्या वचनात, पत्र लिहून घेणारा तर्तिय स्वतःच्या नावाने सलाम पाठवतो. लेखनिकाला स्वतःची एक ओळ मिळाली आहे. तुमच्या वार्षिक अहवालात तो टाइप करणाऱ्याचं नाव असतं का?

कानउघाडणी एकांतात आणि दोन दिवसांच्या आत. महिनाभर साठवून एकदम ओतू नका. घडलेलं एक उदाहरण घ्या, परिणाम सांगा, आणि मग थांबा : “रविवारी सरावाला तुम्ही चाळीस मिनिटं उशिरा आलात. मुलं ताटकळली आणि दोन पालक मुलांना घेऊन गेले. काय झालं होतं?” ‘तुम्ही नेहमीच’ हे दोन शब्द वगळा. आणि ‘देवाने माझ्या मनात घातलं की तुमच्याशी बोलावं’ अशी सुरुवात तर नकोच. त्यानंतर समोरच्याला तुमच्याशी नाही, देवाशी वाद घालावा लागतो.

सभासदांच्या तक्रारींसाठी एकच उत्तर पाठ करा : “तुम्ही त्यांच्याशी बोललात का?” मत्तय १८:१५ची पहिली पायरी तीच आहे, दोघांनी एकांतात बोलण्याची. बोलायला अवघड वाटत असेल तर मी सोबत येतो म्हणा. निनावी चिठ्ठी आली तर ती बैठकीत वाचू नका. कमिटीत कुणी कर्मचाऱ्यावर घसरलं तर तिथेच त्याची बाजू घ्या. चूक खरी असली तरी “त्याबद्दल मी त्यांच्याशी बोललोय, पुढचं मी बघतो” इतकं म्हणता येतं. ही गोष्ट भिंतींना कान असल्यासारखी संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर जातेच.

मात्र लैंगिक छळ, मुलांशी गैरवर्तन, पैशांची अफरातफर, या बाबतीत एकांतातली पायरी लावायची नाही. ज्याने सोसलंय त्याला छळणाऱ्यासमोर एकटं बसवणं हा दुसरा छळ आहे. तक्रार ताबडतोब लिहून घ्या, ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्या कामावरून लगेच बाजूला करा, आणि कायद्याने जिथे कळवायचं तिथे कळवा. मंडळीचं नाव खराब होईल ही काळजी त्या वेळी करायची नाही.

८. दोघांचं पटत नसेल तर

आधी दोघांचे कामाचे कागद शेजारी ठेवून बघा. मला आढळलेली निम्मी भांडणं स्वभावाची नव्हती. एकाच कामावर दोघांची नावं होती, किंवा एकाच खोलीची किल्ली दोघांकडे होती. तेवढं सोडवून पुरत नसेल तर दोघांना एकत्र बसवा, प्रत्येकाने दुसऱ्याचं म्हणणं त्याला पटेल असं पुन्हा सांगायचं, मगच आपलं मांडायचं.

तरीही नाहीच जमलं, तर जबरदस्तीने मिठ्या मारायला लावू नका. मार्कला सोबत न्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा सेवेतला सोबती बर्णबा यांच्यात इतकी जुंपली की ते वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५:३९). काम थांबलं नाही, दोन दिशांना गेलं. आणि बऱ्याच काळाने पौलच तीमथ्याला लिहितो, मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. दोघांचं काम वेगळं करणं हेही कधी कधी चांगलं उत्तर असतं.

९. निरोप

कुणाला कामावरून कमी करावं लागणं, हा पाळकाचा सगळ्यात वाईट दिवस. तो टाळण्यासाठी आपण वर्षानुवर्षं बोलत नाही, काम हळूहळू काढून घेतो, आणि माणूस स्वतःच जाईल याची वाट बघतो. यात दया नाही. आठवड्याच्या भेटीत अडचण स्पष्ट सांगितली असेल, सुधारायला ठरावीक मुदत दिली असेल, मदत दिली असेल, आणि हे सगळं वहीत असेल, तर शेवटचं बोलणं कुणालाही धक्का देत नाही.

ते बोलणं स्वतः करा, समोरासमोर, कमिटीतल्या एका माणसाला सोबत घेऊन. पहिल्या दोन मिनिटांत निर्णय सांगा. शेवटची तारीख, मिळणारी रक्कम, मंडळीच्या घरात राहत असतील तर त्यासाठी पुरेसा अवधी, हे सगळं लेखी हातात द्या. त्यांचं कुटुंबही तुमच्या मंडळीतच आहे हे विसरू नका : मुलं संडे स्कूलमध्ये आहेत, बायको महिला मंडळात आहे. नोकरी गेली म्हणून त्यांची मंडळीही जाऊ नये. घरी भेटायला जायचं काम त्या काळात तुम्ही नका करू, शेजारच्या पाळकांना सांगा. तुमचं तोंड बघायची त्यांची तयारी नसेल.

मंडळीसमोर काय जाहीर करायचं, त्या दोन-तीन ओळी त्यांना आधी दाखवा आणि दोघांना मान्य असलेल्याच वाचा. प्रवचनातून टोमणा नाही, प्रार्थनेतून खुलासा नाही. कुणी कोपऱ्यात गाठून “खरं काय झालं?” विचारलं की तीच जाहीर केलेली ओळ पुन्हा सांगायची.

स्वतःहून सोडून जाणाऱ्यांसोबतही शेवटच्या आठवड्यात तासभर बसा. किल्ल्या, पासवर्ड, हिशेब, अनुभवाचं पत्र हे सगळं त्या दिवशी पुरं करा. त्यांना विचारा, की तुमच्या जागी येणाऱ्याला माझ्याबद्दल काय सांगाल? उत्तर खरं मिळेलच असं नाही. म्हणून मी कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरची तारीख टाकून ठेवतो आणि त्या दिवशी फोन करतो. तोपर्यंत ते दुसरीकडे रुळलेले असतात, आणि मी त्यांचा साहेब राहिलेला नसतो. साउंडवाला तो तरुण पुढे दुसऱ्या गावी नोकरीला लागला. तीन महिन्यांनी फोन केला तेव्हा म्हणाला, “इथे मी काहीच करत नाही, पास्टर. तिसऱ्या बाकावर बसतो.” मग जरा थांबून म्हणाला, “त्यांचा माइक फार घुमतो हो. पण मी काही बोललो नाहीये अजून.”